तिसऱ्या रविवारची हरकत

मला बघायला नेलेल्या मुलीचा हात आईने हातात घेतला. बघणाऱ्याला वाटलं असतं, किती मायेची बाई आहे. मी तिचा मुलगा असल्यामुळे मला ठाऊक होतं की ती हात तपासते आहे. बाजारातलं वांगंसुद्धा ती असंच घेते, उलटंपालटं करून, देठापाशी दाबून.

"हात लई कोरडे पडलेत गं पोरी," आई म्हणाली.

"तिकडं थंडी असते," मुलीने हळूच हात सोडवून घेतला. "आणि सारखे धुवावे लागतात."

"नर्सला धुवावेच लागतात," तिचे वडील, उजागरे मास्तर, घाईघाईने म्हणाले. "हॉस्पिटल आहे ना."

मुलीने एकदा वडिलांकडे बघितलं आणि पोह्यांच्या बशा पुढे सरकवल्या. तिचं नाव रिबका. ती आयर्लंडला नोकरीला होती, सुट्टीवर आली होती, आणि त्या सुट्टीत तिचं लग्न उरकायचं असं मास्तरांनी मनावर घेतलं होतं. मास्तर नुकतेच निवृत्त होऊन शेवगावहून नगरला राहायला आले होते आणि आमच्याच चर्चच्या मंडळीत उपासनेला येऊ लागले होते. तेवढीच काय ती ओळख.

आमच्या बाजूने मी, आई आणि सायमनमामा. मामा मस्कतला एसी दुरुस्तीच्या कामावर बरीच वर्षं काढून आलेला. त्यामुळे परदेश म्हटलं की आमच्या घराण्यात अखेरचा शब्द त्याचा. त्याने बशी खाली ठेवली, मिशा पुसल्या आणि विचारलं, "तिकडं तुमचा कफील कोण?"

आखाती देशांत ज्या मालकाच्या नावावर कामगाराचा परवाना निघतो त्याला कफील म्हणतात. मामाच्या मते पृथ्वीच्या पाठीवर कुठेही जा, कफील हा असायचाच.

"तिकडं कफील नसतो मामा," रिबका म्हणाली. "नोकरी देणाऱ्याच्या नावानं परमिट निघतं."

"म्हणजे कफीलच. फॅमिली स्टेटस आहे का? नवऱ्याला नेता येतं?"

"येतं की," उत्तर मास्तरांनी दिलं. "नर्सच्या नवऱ्याला लगेच जाता येतं, आणि गेल्या गेल्या कामही करता येतं. आपल्याच ओळखीतले गेलेत ना."

रिबका उठून पाणी आणायला आत गेली. आमच्या पुढ्यात पाण्याचे भरलेले पेले होते.

त्या वेळचं माझं दुखणं सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मी नगरच्या एमआयडीसीत सीएनसी मशीन चालवत होतो, पण ठेकेदाराकडून. ठेकेदाराच्या माणसाला कंपनी दर काही महिन्यांनी 'ब्रेक' देते. म्हणजे थोडे दिवस घरी बसायचं, मग नव्याने लागायचं, आणि असं करता करता म्हातारं व्हायचं. लग्नाच्या बाजारात अशा माणसाला गिऱ्हाईक नसतं. मुलीकडचे येत, चहा पीत, आणि कप खाली ठेवता ठेवता विचारत, "पर्मनंट आहे का?" नाही म्हटलं की लगेच त्यांना पुढच्या एसटीची आठवण होई. तो प्रश्न मी इतक्यांदा ऐकला होता की पुढे पुढे दारात कोणी दिसलं की मी आपणहून सांगून टाकायचो.

मास्तरांनी तो प्रश्न विचारलाच नाही. आमचा संशय सुरू झाला तो तिथून.

"येवढी शिकलेली पोरगी, परदेशात नोकरी, दिसायला बरी," रिक्षात बसल्या बसल्या आई म्हणाली. "आपल्यात काय बघितलं त्यांनी?"

"पाणी मुरतंय," मामा म्हणाला. "कुठं ते मी काढतो शोधून."

"आधीचं लग्न झालेलं असंल."

"नाहीतर तिकडं एखादा बाप्या असंल. गोरा."

"मग इथं कशाला करतीय?"

"बापाच्या समाधानाला," मामाने निकाल दिला. "मस्कतला असली लई बघितली मी."

रिक्षावाला कान देऊन ऐकत होता. मला लाज वाटली, पण मीही तेच मनात घोळवत होतो. आमच्या घरात संशय दुधाबरोबर पाजतात. वडील गेले तेव्हा विम्याचा माणूस पैसे द्यायला आला, तर आईने त्याला आधी ओळखपत्र मागितलं आणि मग रडली.

तरीही आम्ही होकार दिला. संशयापेक्षा आयर्लंड मोठं होतं. एकदा तिथे पोचलो की ब्रेक नाही, ठेकेदार नाही, आणि 'पर्मनंट आहे का' असं विचारणारं कोणी नाही. मला रिबका आवडली होती का? असेलही. पण डोळे मिटले की मला ती दिसत नसे. विमान दिसे.

आमच्यात लग्नाआधी तीन रविवार उपासनेत त्याची सूचना वाचतात. पाळकसाहेब दोघांची नावं घेतात आणि विचारतात की या विवाहाला कोणाची रास्त हरकत आहे का. कोणाचीच नसते. लोक तेवढ्यात खोकून घेतात, मुलांना बिस्किटं देतात. साखरपुडा झाला आणि पहिल्या रविवारी आमची नावं वाचली गेली. मामा मात्र त्या वेळी मान वळवून प्रत्येक बाकावर नजर फिरवत होता. तो बाप्या इथेच कुठे बसला असेल अशी त्याला आशा होती.

त्या आठवड्यात मी रिबकाला भेटलो. तिनेच बोलावलं होतं, सावेडीत एका रसवंतीवर. उसाच्या रसाचे पेले समोर आले आणि तिचा फोन वाजला. तिने पडद्यावरचं नाव बघितलं, चेहरा एकदम मऊ झाला. ती उठून चरकाच्या पलीकडे गेली. चरक फिरत होता, पण मध्येच तो थांबला आणि मला स्वच्छ ऐकू आलं. ती इंग्रजीत, लहान मुलाला समजावतात तसं, फ्रँक नावाच्या कोणाला तरी विचारत होती की जेवलास का, औषध घेतलंस का. मी लवकर येते, रडू नकोस, म्हणत होती.

ती परत आली तेव्हा रसातला बर्फ विरघळला होता.

"कोण होतं?" मी विचारलं. आवाज सहज ठेवायचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

"फ्रँक. पेशंट आहेत माझे. त्यांना वाटतं मी त्यांची धाकटी बहीण आहे."

"पेशंट फोन करतात?"

"माझी मैत्रीण लावून देते. मी दिसले नाही की ते जेवत नाहीत."

मी मान हलवली. तिने माझ्याकडे नीट बघितलं.

"तुम्हाला खरं वाटलं नाही," ती म्हणाली.

"वाटलं की."

"बरं." तिने रस एका दमात संपवला. "तुम्ही काय विचारणार होता?"

मी तिला काय विचारावं? मी विचारलं, लग्नानंतर माझी फाइल कधी लावायची, तिकडे सीएनसीवाल्याला मागणी आहे का, आणि नवऱ्याचं परमिट वेगळं काढावं लागतं की बायकोच्याच परमिटवर चालतं. ती सगळ्याला "बघू" म्हणाली. निघताना तिने पैसे द्यायला पर्स उघडली. मी तिला देऊ दिले नाहीत, आणि मनातल्या मनात ते स्वतःच्या मोठेपणात जमा केले.

घरी येऊन मी फ्रँकचं नाव काढायला नको होतं. मामा तीन वेळा खुर्चीतून उठला आणि तीन वेळा बसला.

"हॉस्पिटलातला पेशंट बरा होतो नाहीतर मरतो," तो म्हणाला. "नर्स सुट्टीवर गेली म्हणून महिनाभर रडत बसतो होय? आणि हॉस्पिटल त्याला इंटरनॅशनल फोन लावून देतं? मला शिकवतो? अरे, पेशंट नाय तो."

"मग कोण?"

"ते काय सांगायला पाहिजे?"

आई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. "कारण मात्र लगेच सांगितलं तिनं," ती म्हणाली. "खोटं बोलणारीला जरा वेळ लागतो."

"सवय असली की नाय लागत," मामा म्हणाला.

मग त्याने चौकशी आरंभली. मस्कतच्या जुन्या सोबत्याचा पुतण्या लंडनला होता, त्याला फोन. त्याने सांगितलं की आयर्लंड वेगळा देश आहे. मामाला ते पटलं नाही. त्याच्या हिशोबी व्हिसे चारच. कंपनीचा, घरकामाचा, फ्री आणि व्हिजिट. कंपनीचा म्हणजे राजा, घरकामाचा म्हणजे गुलाम, फ्री म्हणजे कफीलला दरसाल पैसे चारून हवं ते काम करायचं, आणि व्हिजिट म्हणजे पोलिसाची गाडी दिसली की पळायचं. "हिचा कंपनीचाच असणार," मामा म्हणाला. "नर्सला कंपनीचाच देतात. आणि कंपनीच्याला फॅमिली मिळती. तेवढ्यापुरतं मास्तर खरं बोलतोय. बाकी पोरगी झाकतीय काहीतरी."

दुसरा रविवारही पार पडला. मी तिच्याशी फोनवर बोलत होतो, रोज संध्याकाळी, पाळी सुटली की. ती आवाजात काही दाखवत नसे. एकदा मी विचारलं, तुमच्या हॉस्पिटलचा फोटो पाठवा ना. तिने हिरवळ आणि एक बुटकी, लांबलचक इमारत पाठवली. तिथे ना रुग्णवाहिका, ना पाटी, ना माणूस. खिडकीत एक मांजर होतं. मी तो फोटो मोठा करून करून बघितला. मामाने बघितला आणि म्हणाला, "हे हॉस्पिटल? हे तर कोणाचंतरी घर आहे." आईने बघितला आणि फोन पालथा करून ठेवला, ते जास्त वाईट होतं.

इतका संशय होता तर मी थांबलो का नाही? कारण एकीकडे मी तिच्यावर पाळत ठेवत होतो आणि दुसरीकडे शनिवारी ठेकेदाराला सांगून आलो होतो की आता मला ब्रेकनंतर बोलावू नका, मी परदेशी चाललोय. ठेकेदाराने हात मिळवला आणि त्याच मिनिटाला माझ्या मशीनवर दुसऱ्या मुलाचं नाव घातलं. आईने शेजारी पेढे वाटले. म्हणजे परतीची वाट आम्हीच नांगरून टाकली होती. हे लग्न मोडलं तर मला ना बायको ना नोकरी, तेलही गेलं तूपही गेलं.

तिसरा रविवार उजाडला. आमच्याकडे पुरुष एका बाजूला बसतात आणि बायका दुसऱ्या. आईने रिबकाला आपल्या शेजारी बसवून घेतलं होतं. प्रेम होतंच, पण नजरेखाली राहावी हाही हेतू होता. मी आणि मामा या बाजूला. मास्तर आमच्या पुढच्या बाकावर, इस्त्रीच्या शर्टात, ताठ.

पाळक भालेरावसाहेबांनी चष्मा चढवला. "अनुग्रह वसंत क्षेत्रे आणि रिबका येशुदास उजागरे यांच्या विवाहाची ही तिसरी आणि शेवटची सूचना. या विवाहाला कोणाची रास्त हरकत असल्यास त्याने ती आताच कळवावी." आणि पुढची ओळ वाचायला त्यांनी पान उलटलं.

"हरकत आहे," बायकांच्या बाजूने आवाज आला.

मामाने माझी मांडी दाबली. त्याचे डोळे चमकले. कोणीतरी बाई उठली आहे आणि आता ती सगळं बाहेर काढणार, असं त्याला वाटलं. मलाही तेच वाटलं. मग मी वळून बघितलं तर रिबका उभी होती.

पाळकसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं. "कोणाची हरकत आहे म्हणालीस?"

"माझी."

"अगं, पण नवरी तूच ना?"

"हो."

"मग तुला कशी घेता येईल?"

"कोणाची असल्यास, असं वाचलंत तुम्ही."

"कोणाची म्हणजे दुसऱ्या कोणाची." पाळकसाहेबांनी हातातलं पुस्तक चाळलं, जणू अशा वेळी काय करायचं ते त्यात सापडेल. सापडलं नाही. "बरं, सांग."

मास्तर अर्धवट उठून म्हणाले, "बस खाली रिबका." ती बसली नाही.

"मी तिकडं नर्स नाही," ती म्हणाली. आवाज बारीक होता पण चर्चमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आली असती. "नर्सिंग इथं केलंय मी. पण तिकडं नर्स व्हायला इंग्रजीची परीक्षा लागते, तिच्यात लिहिण्यात दोनदा मार्क कमी पडले. म्हणून मी केअरर म्हणून गेले. म्हाताऱ्या माणसांचं होम आहे, तिथं त्यांना आंघोळ घालते, भरवते, कपडे बदलते. त्याचं परमिट वेगळं असतं आणि नर्सचं वेगळं. नर्सच्या नवऱ्याला लगेच येता येतं, कामही करता येतं. माझ्या नवऱ्याला निदान वर्षभर येता यायचं नाही. त्यानंतर आला तरी सध्याच्या नियमानं त्याला काम करता यायचं नाही, स्वतःचं परमिट स्वतः मिळवल्याशिवाय. आणि मलाही सध्या तो मालक सोडून दुसरीकडं जाता येत नाही."

ती थांबली. कोणी खोकलं नाही, कोणी मुलांना बिस्किटं दिली नाहीत.

"हे क्षेत्र्यांच्या घरी सांगितलेलं नाही. बाबा म्हणाले, लग्न होऊ दे, मग सांगू. मी इतके दिवस वाट बघत होते की त्यांच्यापैकी कोणी तरी दुसरं काही विचारेल. त्यांना सून पाहिजे का परमिट पाहिजे, हे मला अजून कळलेलं नाही. म्हणून सगळ्यांदेखत विचारते. हीच माझी हरकत."

मास्तरांनी मान खाली घातली. मी आई दिसते का बघितलं. आई समोर वेदीकडे बघत होती, चेहरा दगडाचा.

"अनुग्रह," पाळकसाहेब म्हणाले, "तुझं काय म्हणणं?"

मी उठलो. आख्खी मंडळी माझ्याकडे वळली. मला राग आला होता, तिचा, मास्तरांचा, मामाचा. पण सगळ्यात जास्त राग याचा होता की आम्ही इतके दिवस तिच्यावर संशय घेत होतो, तिने एकटीने आमच्यावर घेतला होता, आणि खरा तिचाच निघाला होता.

"मला आत्ता काही सांगता येत नाही," मी म्हणालो.

रिबकाने मान हलवली. तिला हेच उत्तर अपेक्षित होतं, आणि ते मला थोबाडीत मारल्यासारखं लागलं.

पाळकसाहेबांनी घसा साफ केला. "हरकत लिहून घेतो. दोघांनी बसून मिटवलं तर पुढच्या रविवारी सूचना पुन्हा वाचीन. नाही मिटलं तर तसं कळवा." मग त्यांनी गीत सांगितलं. पेटीवाला एका सुरात आणि मंडळी दुसऱ्या सुरात, असं ते गीत झालं.

घरी आल्यावर मामा म्हणाला, "मी म्हणलो होतो ना, पाणी मुरतंय?"

"तुम्ही तर बाप्या शोधत होता," मी म्हणालो.

"ते एकच. मोडून टाका. घरकामाचा व्हिसा आहे हा, दुसरं काय? मी मस्कतला असल्या बायांना रडताना बघितलंय."

आई तांदूळ निवडत होती. मामा चहा पिऊन, मोडायचं कसं याच्या सूचना देऊन निघून गेला. तो गेल्यावर आईने ताटातून मान वर केली नाही, पण विचारलं, "तू कशासाठी करत होतास?"

"नोकरी सोडली मी, आई."

"ते नाय विचारलं मी."

तिने एक खडा वेचून बाजूला टाकला.

"मी जन्मभर माणसं पारखली," ती म्हणाली. "सगळी आपला फायदा झाकून ठेवतात नाहीतर तोटा झाकून ठेवतात. आपल्याच लग्नाला आपणच आडवी जाणारी पहिल्यांदा बघितली. हिच्यावर संशय घ्यायला मला जागाच सापडंना. सकाळपासून शोधतीय." तिला हे अजिबात आवडलेलं दिसत नव्हतं.

"म्हणजे करू म्हणतेस?"

"मी काय म्हणत नाय. संसार तुला करायचाय."

दोन दिवस मी कुठेच गेलो नाही. ठेकेदाराला फोन लावला, तर तो म्हणाला, जागा झाली की कळवतो, आणि ज्या आवाजात म्हणाला त्यावरून ती कधी होणार नाही हे समजलं. विमान तर गेलंच होतं. आता डोळे मिटले की काय दिसतं, याची मला भीती वाटत होती. दिसायची ती रसवंतीतली रिबका. "तुम्हाला खरं वाटलं नाही," म्हणणारी.

मंगळवारी दुपारी मी उजागऱ्यांच्या घरी गेलो. मास्तरांनी दार उघडलं, मला बघून काहीतरी पुटपुटले आणि चप्पल घालून बाहेर निघून गेले. माणूस वाईट नव्हता. मुलीचं जुळावं म्हणून त्याने तिचा हुद्दा वाढवला होता. आमच्याकडे कित्येक बाप मुलाचा पगार वाढवतात, तसाच.

रिबका ओट्याशी होती. तिने हात पुसले.

"मोडायचं असेल तर फोनवर सांगायचं ना," ती म्हणाली. "इतक्या उन्हात कशाला आलात?"

"एक विचारायचं राहिलं होतं."

"विचारा."

"तुम्ही तिकडं दिवसभर काय करता?"

ती माझ्याकडे बघत राहिली. यात काय डाव आहे, ते शोधत असावी. मग खुर्ची ओढून बसली.

"सकाळी सहाला जाते," ती सांगू लागली. "आधी फ्रँकना उठवते. शेतकरी होते ते. गाईंच्या धारा काढायला उशीर झाला म्हणून रोज घाबरून उठतात. मी म्हणते, काढल्या मी. मग शांत होतात. एक आजी आहेत, त्यांना आंघोळ घालताना कोणी बोललेलं चालत नाही. मग मी मराठीत गाणं म्हणते, ते चालतं. पहिल्या महिन्यात मी रोज रडायचे. नर्सिंग शिकून लोकांचं शी-शू काढते म्हणून. मग एकदा फ्रँक आजारी पडले, आणि त्यांचा स्वतःचा मुलगा आला तर त्यांनी त्याला बाहेर घालवलं, मलाच हात धरून बसवलं. तेव्हापासून नाही रडले." ती जरा थांबली. "हलकं काम नाही ते. पण इथं सांगायची लाज वाटते बाबांना. त्यांना वाटते म्हणून मलाही वाटायला लागली होती."

ती बराच वेळ सांगत होती. कोण कसं जेवतं, कोणाला खिडकी उघडी लागते, खिडकीतलं ते मांजर कोणाचं. इतके दिवस आम्ही तिघांनी मिळून तिला शेकडो प्रश्न विचारले होते, पण त्यांपैकी एकही तिच्याबद्दल नव्हता.

"माझं मशीन गेलं," तिचं सांगून झाल्यावर मी म्हणालो. "तुमच्या भरवशावर सोडलं. आता दुसरीकडं बघतोय. मिळेल ठेकेदारीच. पर्मनंट नाही."

"मी कुठं पर्मनंट आहे?" ती म्हणाली.

"तुम्ही परत जा. मी इथं थांबतो. वर्ष झालं की बघू, नाहीतर दोन. तिकडं येऊन घरी बसावं लागलं तर बसेन, नाहीतर तुम्ही इकडं या."

"आज म्हणताय," ती म्हणाली. "मी विमानात बसले की तुमचे मामा काय म्हणतील? आणि मग तुम्ही काय म्हणाल?"

"मामा म्हणेल, फ्रँक."

ती हसली, पण लगेच थांबली. "तुम्ही खरं बोलताय कशावरून?"

मी खूप विचार केला. दाखवण्यासारखं माझ्याकडे काहीच नव्हतं. "कशावरूनच नाही," मी म्हणालो.

तिने यावर हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. "पाळकसाहेबांना वाचू दे पुन्हा," एवढंच म्हणाली. "माझी हरकत राहिली असेल तर मी उठेन."

रविवारी चर्च भरून सांडत होतं. एरवी नाताळालाच दिसणारी माणसं आली होती. मामासुद्धा आला, पण माझ्याशी बोलत नव्हता. रिबका आईच्या शेजारी बसली होती, हिरव्या साडीत. माझ्याकडे तिने एकदाही बघितलं नाही.

पाळकसाहेबांनी आमची नावं घेतली. हरकत असल्यास कळवावी म्हणाले, आणि पान उलटायच्या ऐवजी पुस्तक मिटून सरळ बायकांच्या बाजूला बघत उभे राहिले. सगळी मंडळी तिकडेच बघू लागली. मी त्या आठवड्यात स्वतःशी पुष्कळ बोललो होतो, पण ती उठली तर मला किती दुःख होईल हे मला त्या क्षणी कळलं, त्याआधी नाही.

रिबका हलली. बाक करकरला. कोणीतरी श्वास ओढून घेतला.

ती उठत नव्हती. आईने तिचा पदर मुठीत गच्च धरून ठेवला होता, बोटं पांढरी पडेपर्यंत, आणि रिबका तो सोडवायला बघत होती.

"पदर सोडा ना आई," ती हळू आवाजात म्हणाली. "नाही उठत मी."

आईने उपासनेच्या शेवटचा आशीर्वाद होईपर्यंत पदर सोडला नाही.